भरल्या शहरातली भूक

(प्रौढांच्या अभ्यासवर्गासाठी)



दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या व्हरांड्यात संत अंतोनीच्या भाकरीचे वाटप होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपण दानपेटीत टाकलेल्या पैशांतून आमचा गट पाच किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, एक लिटर तेल, साखर आणि चहापावडर अशी पिशवी भरतो. यादीतील कुटुंबे येतात, सही किंवा अंगठा करतात आणि पिशवी घेऊन जातात. हे काम आम्ही मनापासून करतो आणि त्यातून समाधानही मिळते. पण गेल्या वर्षी एका साध्या प्रश्नाने आमच्या समाधानाला धक्का दिला. ती हकिगत आधी सांगतो, कारण हा सारा अभ्यास तिच्यातूनच निघाला.

चर्चमागच्या चाळीत राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी एक भगिनी सहा वर्षे आमच्याकडून पिशवी नेत होती. घरात ती, नवरा, सासू आणि दोन मुले. एका रविवारी रांग लांबली होती म्हणून गटातील एका सभासदाने तिला सहज विचारले, "बाई, रेशनचे धान्य मिळते ना तुम्हाला?" ती म्हणाली, "मिळतं की. तिघांचं मिळतं. पोरांची नावं चढली नाहीत कार्डावर."

आम्ही मनातल्या मनात हिशेब केला आणि गप्प झालो. कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य. दोन मुलांची नावे नाहीत, म्हणजे दर महिन्याला दहा किलो धान्य त्या घरात यायचे राहून जात होते. आम्ही पाच किलो तांदूळ देऊन धन्यता मानत होतो आणि तिच्या हक्काचे दहा किलो बुडत होते. सहा वर्षांत आमच्यापैकी एकानेही तिला हे विचारले नव्हते. चूक तिची नव्हती, आमची होती.

सरव्याचा नियम

आपल्यापैकी ज्यांचे बालपण गावी गेले, त्यांना सरवा म्हणजे काय ते सांगायला नको. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे, लोंब्या वेचायला गरीब बायका येत. जुन्या करारातील रूथची गोष्ट ही सरव्याचीच गोष्ट आहे. विधवा, परक्या देशातून आलेली, सोबत म्हातारी सासू नामी. रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचायला जाते.

आपण ही गोष्ट ऐकताना बवाजच्या चांगुलपणाचे कौतुक करतो, पण एक गोष्ट नजरेतून सुटते. रूथला शेतात शिरण्याचा मार्ग बवाजच्या दयेने खुला झालेला नव्हता, तो नियमाने खुला होता. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत शेतकऱ्याला सांगितले आहे की, शेताच्या कडेपर्यंत कापू नये, पडलेले परत उचलू नये, विसरलेली पेंढी आणायला मागे जाऊ नये. ते गरिबाचे, परक्याचे, विधवेचे आणि अनाथाचे आहे. बवाजचा चांगुलपणा त्यानंतर सुरू होतो. तो कापणी करणाऱ्यांना सांगतो की, तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसे गळू द्या, तिला कोणी धमकावू नका. तिला तो आपल्याबरोबर जेवायला बसवतो.

म्हणजे इथे आधी हक्क येतो आणि त्याच्यावर प्रेमाची भर पडते. हा क्रम मनात ठेवून आपल्या मुंबई शहराकडे पाहू या.

धान्य आहे, मग भूक का?

मुंबईत धान्य नाही असे कोणी म्हणणार नाही. वाशीच्या बाजारात रोज ट्रकच्या ट्रक उतरतात. रात्री हॉटेलांच्या मागच्या दाराशी उरलेले अन्न टाकले जाते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सांगितले होते की, वाया घालवलेले अन्न हे गरिबाच्या ताटातून चोरल्यासारखेच आहे. त्याच शहरात मूल बिस्किटाचा पुडा आणि चहा यावर दुपार काढते आणि आई स्वतः अर्धी चपाती खाऊन 'मला भूक नाही' म्हणते.

शहरातली भूक दुष्काळासारखी उघड दिसत नाही. वडापावने पोट भरते, पण अंग भरत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी होते. हे आकडे साऱ्या राज्याचे आहेत. आपल्या शहराचा विचार केला, तर २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत खाली होता तो एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनारचा परिसर. ज्या भागात शहराचा कचरा जातो, त्याच भागात शहरातील माणसे सर्वांत मागे राहिली.

अन्न आणि तोंड यांच्यामध्ये या शहरात चार अडथळे उभे असतात. पहिला दामाचा: घरभाडे आणि औषधपाणी भागवल्यावर जे उरते, त्यातच किराणा बसवावा लागतो. दुसरा कागदाचा: कार्ड, पत्ता, आधार, दाखला. तिसरा चुलीचा: फुटपाथवर किंवा दहाजणांच्या खोलीत राहणाऱ्याला कोरडा तांदूळ देऊन काय उपयोग? चौथा वेळेचा: जी बाई सकाळी सहाला घर सोडते, ती अंगणवाडीच्या वेळेला किंवा दुकान उघडेल तेव्हा तिथे कशी असणार? गेल्या ऐंशी वर्षांत या शहरात भुकेविरुद्ध जे जे प्रयत्न झाले, त्यांनी यातील कोणता तरी अडथळा दूर करण्याची धडपड केली.

रेशनची वाटचाल

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईला त्या तांदळाचा मोठा आधार होता. मे १९४३ मध्ये शहरात धान्याचे रेशनिंग लागू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि खेड्यांतून आलेली माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर मेली. अमर्त्य सेन यांनी पुढे त्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवून दिले की, धान्य अजिबात नव्हते असे नाही. ते विकत घेण्याची किंवा मिळवण्याची ताकद लोकांच्या हातून गेली होती. आजच्या मुंबईलाही हे लागू पडते.

पुढे अनेक वर्षे रेशन सर्वांसाठी होते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: रॉकेलचा डबा, साखरेची रांग, लाल गहू यांच्या आठवणी निघतील. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या भिन्न पक्षांच्या नेत्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. गृहिणीच्या डब्यातील धान्य हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी सरकारला ऐकायला लावले. १९९० च्या दशकात रेशनिंग कृती समितीने वस्त्यांतील महिलांना बरोबर घेऊन दुकानांवर लक्ष ठेवण्याचे काम केले. वजन बरोबर आहे का, धान्य आले की नाही, किती आले हे बायका स्वतः पाहू लागल्या.

१९९७ मध्ये रेशन सर्वांसाठी न राहता गरिबांपुरते करण्याचे धोरण आले आणि कार्डांचे रंग वेगळे झाले. पिवळे कार्ड मिळण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट होती. म्हणजे दिवसाला सुमारे ४१ रुपये, तेही साऱ्या कुटुंबाचे! मुंबईत मोलमजुरी करणाराही या अटीत बसत नसे. गरीब खरा, पण कागदावर गरीब नाही, अशी हजारो माणसांची गत झाली.

२००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. त्यातून निघालेल्या आदेशांमुळे योजना हळूहळू हक्क बनल्या आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. या कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हव्यात.

प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला, म्हणजे गरिबांतील गरिबाला, घरटी ३५ किलो मिळते. सुरुवातीला तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफत ठेवण्याचा निर्णय झाला. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असते. हेही कायद्यानेच ठरवले आहे.

मात्र दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे कायद्याने देशाच्या शहरी भागातील निम्म्या लोकसंख्येपर्यंतच हा हक्क पोहोचतो आणि राज्याचा वाटा ठरलेला असतो. त्यालाच कार्यालयात 'इष्टांक' म्हणतात. इष्टांक भरला असेल, तर पात्र माणसालाही थांबावे लागते. कायदा लागू करताना राज्याने शहरातील प्राधान्य कुटुंबासाठी ५९,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली होती, म्हणजे महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी. दुसरी गोष्ट अशी की, महिन्याला पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. त्यातून साधारण पावणेसहाशे उष्मांक मिळतात. शहरातील माणसाला दिवसाला सुमारे २,१०० उष्मांक लागतात असे धरले, तर रेशनने पाव भागापेक्षा थोडीच जास्त गरज भागते. डाळ, तेल, भाजी, दूध, अंडे हे सारे विकतच आणावे लागते. रेशन हा पाया आहे, त्यालाच पूर्ण जेवण समजू नये.

शिजलेले अन्न

ज्याच्याकडे चूल नाही, त्याचे काय? या प्रश्नाला मुंबईने फार पूर्वी उत्तर शोधले होते. गिरणगावात गावाकडून आलेला कामगार एकटा राहायचा आणि खानावळीत जेवायचा. ही खानावळ म्हणजे बहुधा दहा बाय दहाच्या खोलीतली एखादी बाई असे, जी स्वतःचे घर सांभाळून वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक रांधत असे. महिनाअखेर पैसे येईपर्यंत किराणा उधारीवर आणि सावकाराचे व्याज डोक्यावर. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. शहराला जेवू घालणारी बाई स्वतः कर्जात बुडू नये, हा त्यामागचा विचार होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस संपले, तेव्हा अशा कामाने अनेक घरांची चूल पेटती ठेवली.

सरकारनेही प्रयत्न केले. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली. कल्पना चांगली होती, पण ती टिकली नाही. काही वर्षांत योजना बंद पडली आणि पुष्कळ केंद्रांच्या जागी साधे खाद्यपदार्थांचे स्टॉल उभे राहिले. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात, किंमत दहा रुपये. शहरात एका थाळीमागे सरकार चाळीस रुपये केंद्रचालकाला देणार होते. महामारीत थाळी पाच रुपयांना मिळू लागली आणि एप्रिल २०२१ मध्ये काही काळ मोफतही झाली. या दोन योजनांतून एक धडा घेण्यासारखा आहे. थाळी स्वस्त करणे सोपे असते. ती वर्षानुवर्षे चालू ठेवणे, जेवण देणाऱ्याचे पैसे वेळेवर चुकते करणे आणि दर्जा राखणे हे अवघड असते.

सरकारच्या बाहेरही हे शहर जेवू घालते. माहीमच्या दर्ग्याच्या परिसरात काही साधी हॉटेले आहेत. त्यांच्या दाराशी भुकेलेली माणसे ओळीने उकिडवी बसलेली असतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे देतो, 'दहा जणांना द्या' म्हणतो आणि तेवढ्यांचे जेवण आत तयार होऊन बाहेर येते. दादरच्या गुरुद्वारात लंगरला बसणाऱ्याला धर्म विचारत नाहीत. डबेवाल्यांनी रोटी बँकेच्या उपक्रमातून समारंभात उरलेले चांगले अन्न भुकेलेल्यांपर्यंत पोहोचवले. आपल्या शेजारधर्मीयांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लंगरमध्ये सारे एकाच पंगतीत बसतात, त्यामुळे देणारा वर आणि घेणारा खाली असे राहत नाही.

मुलांचे ताट

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. त्यातील एक ठिकाण आपल्या शहरातील धारावी होते. आज आपण जिला अंगणवाडी म्हणतो, तिची ही सुरुवात. सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना तिथे आहार मिळायला हवा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेले जेवण दिलेच पाहिजे. आता ही योजना आठवीपर्यंत आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या जेवणात किमान ४५० उष्मांक आणि सहावी ते आठवीच्या मुलाच्या जेवणात ७०० उष्मांक असावेत, असे प्रमाण आहे.

आपल्यापैकी काही पालक मुलांना सांगतात, 'शाळेची खिचडी खाऊ नकोस, ती गरिबांची असते.' हे बोलणे आपण सोडून द्यायला हवे. चांगल्या घरची मुले खिचडी खाणे सोडतात, तेव्हा खाणाऱ्या मुलाला लाज वाटू लागते. मग खिचडी बेचव निघाली, तरी तक्रार करायला कोणी उरत नाही. जे सर्वांचे असते, तेच नीट राहते.

२०२० ने काय दाखवले?

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि चारही अडथळे एकाच दिवशी प्रत्येक वस्तीत उभे राहिले. मजुरी थांबली, खानावळी बंद झाल्या आणि ज्यांचे कार्ड उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये किंवा मराठवाड्यातल्या गावी होते, त्यांच्या हातात या शहरात कोणताच कागद उरला नाही. एप्रिलपासून कार्डधारकांना माणशी पाच किलो जादा धान्य मोफत मिळू लागले. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठीची तरतूद मात्र मे महिन्यात झाली. तोवर हजारो माणसे चालत निघाली होती.

मधल्या काळात या शहराला जगवले ते शेजाऱ्यांनी. मशिदी, गुरुद्वारे, चर्चची सभागृहे, गणेशोत्सव मंडळे, कॉलेजची मुले यांनी पातेली चढवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला. २०२१ च्या जूनमध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना 'एक देश, एक रेशन कार्ड' लागू करण्यास सांगितले. त्यामुळे गावचे कार्ड असलेला माणूस आज मुंबईतील कोणत्याही रेशन दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घेऊ शकतो आणि त्याच्या घरची माणसे त्यांचा वाटा गावी घेऊ शकतात. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी जणांना हे अजून माहीत नाही.

दान की न्याय?

ख्रिस्तसभेने या विषयावर मौन पाळलेले नाही. पोप जॉन तेविसावे यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी शांतीविषयी जे विश्वपत्र लिहिले, त्यात माणसाच्या हक्कांमध्ये अन्नाचा समावेश केला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात त्याहून टोचणारी गोष्ट सांगितली. तिचा आशय असा: जे न्यायाने देणे लागते, ते प्रेमाची भेट म्हणून देऊ नये. आधी न्यायाची मागणी पूर्ण करावी. केवळ दुःखाचे परिणाम दूर करून थांबू नये, त्याची कारणेही दूर करावीत आणि मदत अशी करावी की, घेणारा हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहील.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमची पिशवी आठवली.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. त्या भगिनीसोबत आमच्या गटातील दोघे शिधावाटप कार्यालयात गेले. पहिल्या खेपेला कळले की, मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचे नावच नाही, नुसते 'स्त्री' असे लिहिले आहे. जन्म गावी झालेला, नाव नंतर नोंदवायचे राहून गेलेले. दुसऱ्या खेपेला मुलाच्या आधार कार्डावरील आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावरील आडनाव जुळेना. तिसऱ्या खेपेला संबंधित माणूस जागेवर नव्हता. चौथ्या खेपेला अर्ज घेतला गेला, पण इष्टांक पूर्ण असल्याचे सांगण्यात आले. प्रत्येक खेपेला तिची अर्ध्या दिवसाची मजुरी जात होती. एका घरच्या मालकिणीने तर 'पुन्हा खाडा केलास तर दुसरी बाई बघते' असे सुनावले. म्हणून नंतरच्या खेपा आमच्यातल्या एका निवृत्त सभासदाने तिच्या वतीने केल्या. नावे चढली आणि आणखी दोन महिन्यांनी मुलांचे धान्य सुरू झाले. साऱ्याला सात महिने लागले.

जे काम करायला शिकलेल्या माणसाला, वेळ असताना, सात महिने लागतात, ते एकट्या बाईने का सोडून दिले होते हे आता आम्हाला कळते. आम्ही तिला मनातल्या मनात 'निष्काळजी' म्हटले होते. त्याबद्दल आम्हाला वाईट वाटते.

पुढच्या पहिल्या रविवारी ती आली आणि म्हणाली, "तांदूळ नको आता. जमलं तर डाळ आणि तेल तेवढं द्या. पोरांना अंडी आणते मधूनमधून." आमच्या सहा वर्षांच्या अनुभवापेक्षा तिला तिच्या घराची गरज नीट ठाऊक होती. आम्ही पिशवी बदलली. ज्यांना रेशनचे धान्य मिळते, त्यांच्या पिशवीत आता तांदळाऐवजी डाळ, शेंगदाणे आणि तेल जास्त असते. ज्यांच्याकडे कार्डच नाही, त्यांना तांदूळ पूर्वीसारखाच मिळतो.

बवाजने नेमके हेच केले होते. रूथचा सरवा त्याने अडवला नाही आणि त्याच्यावर स्वतःची मूठ घातली. आम्ही मात्र इतकी वर्षे मूठ घालत राहिलो आणि शेताचे दार बंद आहे, हे पाहिलेच नाही.

आपल्याला काय करता येईल?

१. आपल्या घरचे कार्ड आजच काढून पाहा. सर्वांची नावे आहेत का? लग्न होऊन आलेली सून, जन्मलेले मूल राहिले आहे का? मरण पावलेल्यांची नावे कमी केली आहेत का? आपण नाव कमी केले, तर इष्टांकात जागा होते आणि दुसऱ्या गरजूचा नंबर लागतो. आपले उत्पन्न आता चांगले असेल, तर धान्याचा हक्क स्वेच्छेने सोडणे हीसुद्धा भुकेल्याला केलेली मदत आहे.

२. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला, इमारतीच्या वॉचमनला, बांधकामावरच्या मजुराला एकदा विचारा: "तुमचे रेशन कुठे आहे?" कार्ड गावी असेल, तर इथल्या दुकानात धान्य मिळू शकते, हे सांगा. कार्यालयात जायला तिला अर्धा दिवस सुटी लागली, तर पगार कापू नका.

३. धान्य घेताना मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या आणि वजन पाहा. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे झिजलेले असतात आणि मशीनवर उमटत नाहीत. त्यांना 'उद्या या' म्हणून परत पाठवले जात असेल, तर कोणीतरी सोबत जावे. तक्रार करायची झाल्यास शिधावाटप अधिकारी, त्यावर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग, अशा पायऱ्या कायद्यानेच दिल्या आहेत. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

४. तरुणांनी महिन्यातून एक रविवार अर्ज भरण्यासाठी द्यावा. वाटपाच्या दिवशी व्हरांड्यात एक टेबल मांडू. एकाने अर्ज लिहावा, एकाने कागद तपासावेत. धर्म, भाषा, गाव न विचारता जो येईल त्याचे काम करावे.

५. बारसे, लग्न, सणाच्या जेवणावळीचा अंदाज नीट करावा. उरलेच, तर ते गरम असताना, त्याच रात्री पोहोचवावे. दुसऱ्या दिवशी आंबलेले अन्न देणे म्हणजे दान नव्हे.

आणि संत अंतोनीची पेटी? ती चालूच राहणार आहे. नावे चढेपर्यंत त्या सात महिन्यांत त्या घराला पिशवीचाच आधार होता. कार्डावर कधीच नाव न येणारी माणसेही आपल्या रस्त्यावर आहेत. न्याय येईपर्यंत भुकेल्याला थांबवून ठेवता येत नाही. फक्त पिशवी देताना यापुढे एक प्रश्नही विचारायचा, आणि उत्तर मिळाल्यावर त्याच्यासोबत चालत जायचे.

चिंतनासाठी व चर्चेसाठी प्रश्न

(लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत यांतील दोन प्रश्न घ्यावेत.)

१. दाम, कागद, चूल आणि वेळ या चारपैकी कोणता अडथळा आपल्या गल्लीत सर्वांत मोठा आहे? तो कोणाच्या घरासमोर उभा आहे?

२. आपण कोणाला वर्षानुवर्षे मदत करत आहोत, पण तिच्या गरजेचे कारण कधी विचारलेले नाही?

३. रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचा. त्यात नियमाने मिळालेले कोणते आणि बवाजने आपणहून दिलेले कोणते, ते वेगळे करून पाहा. आपल्या धर्मग्रामाच्या कामात या दोहोंपैकी काय कमी पडते?

४. माहीमच्या हॉटेलाच्या दाराशी किंवा गुरुद्वाराच्या पंगतीत बसलेल्या माणसाला जसे वाटत असेल, तसे आपल्या व्हरांड्यात रांगेत उभ्या असलेल्याला वाटते का?

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजच्या भाकरीचे मागणे मागतो, ते 'आम्हाला' म्हणून, 'मला' म्हणून नव्हे. पुढच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर व्हरांड्यात टेबल मांडलेले असेल. आपले कार्ड घेऊन या. ज्यांच्याकडे कार्ड नाही, त्यांनाही सोबत आणा.

— समाजकार्य गट